तयार डीव्हीडीतलं एकच गाणं बदलायचं आहे, मेन्यू मात्र तोच हवा

षड्जपंचम (धागाकर्ती), पुणे
रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्या गाण्याच्या बाई आता ८४ वर्षांच्या आहेत, सदाशिव पेठेत राहतात. २०१० साली आम्ही शिष्यांनी मिळून गुरुपौर्णिमेची सकाळची बैठक केली होती आणि एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली होती. ते दुकान केव्हाच बंद झालं. डिस्कवर पाच गायनं आहेत. मोठ्या अक्षरांत नावांचा मेन्यू आहे आणि ज्या नावावर जाऊ ते पिवळं होतं. बाईंची नजर अधू झाली आहे, पण हा मेन्यू त्यांच्या बोटांना पाठ आहे. खालचा बाण दोनदा दाबला की आपलं गाणं येतं, हे त्यांना ठाऊक आहे.

तिसरं गायन खुद्द बाईंचं. दुकानदाराने त्यात सुरुवातीची सात मिनिटं कापली आहेत. आलाप नाहीच, थेट विलंबिताच्या मध्यातून गाणं सुरू होतं. शेवटाकडे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. शिवाय मेन्यूत ‘राग भूप’ लिहिलंय. बाई गायल्या होत्या देशकार! दोन्हींचे स्वर तेच असले तरी धैवतावरचा तो मुक्काम ऐकल्यावर भूप कोण म्हणेल? बाईंना हे आजही लागतं.

आता एरंडवण्यातल्या एका गुरुभगिनीकडे कॅमेऱ्याच्या मूळ मिनीडीव्ही कॅसेट सापडल्या आहेत आणि त्यात बाईंचं पूर्ण २१ मिनिटांचं गाणं आहे. मला एवढंच हवंय : डिस्क दिसायला, वागायला तशीच राहावी, तिसरं गायन पूर्ण यावं आणि मेन्यूत नाव बरोबर यावं. डिस्क संगणकावर उघडली की व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये व्हीओबी (यात चित्र आणि आवाज असतो), आयएफओ आणि बीयूपी अशा फाइली दिसतात. नवीन व्हीओबी तयार करून तिला जुन्या फाइलचं नाव दिलं तर चालेल का?


एरंडवणेकर
रविवार, सकाळी १०:१५

षड्जपंचमताई, एवढा खटाटोप कशाला? गाण्याची एमपी४ करा, पेन ड्राइव्हवर टाका आणि टीव्हीच्या मागे लावून द्या. डीव्हीडी प्लेअर आज आहे, उद्या बिघडला तर दुरुस्त करणाराही मिळणार नाही.


षड्जपंचम
रविवार, सकाळी १०:५०

पेन ड्राइव्ह लावून पाहिला आहे. टीव्हीवर फाइलींची बारीक अक्षरांतली यादी येते आणि बाईंना ती वाचता येत नाही. मग त्या दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत बसतात. डीव्हीडी त्या एकट्या लावतात, केव्हाही. म्हणून मला डीव्हीडीच हवी आहे.


रिळवाला, नारायण पेठ
रविवार, दुपारी १२:३०

ताई, तुमचा आग्रह अगदी योग्य आहे. लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या डिस्क बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून नीट सांगतो. काम होण्यासारखं आहे. नुसतं नाव बदलून मात्र होणार नाही. त्याचं कारण कळलं की पुढचं सगळं सोपं जाईल.

व्हीटीएस_०१_१, _२, _३ अशा ज्या व्हीओबी दिसतात, त्या म्हणजे पहिलं, दुसरं, तिसरं गायन असं बहुतेक लोक समजतात. तसं नसतं. व्हीटीएस_०१ हा एक संच, आणि त्या संचातली सगळी गाणी मिळून एकच सलग प्रवाह असतो. एका फाइलने १ जीबी ओलांडायची नाही असा नियम असल्यामुळे तो कापलेला असतो. बाईंचं गाणं दुसऱ्या फाइलच्या मध्यावर सुरू होऊन तिसरीत संपत असेल. _३ काढून तिथे नवीन फाइल ठेवली तर दुसऱ्याच कुणाच्या गाण्याचा तुकडा जाईल.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. डिस्कवर २०४८ बाइट्सचे सेक्टर असतात. कुठलं गाणं कितव्या सेक्टरपासून सुरू होतं, चॅप्टर (गाण्यातला टप्पा) कुठे आहे, संपल्यावर कुठे जायचं, हे सगळं आयएफओ फाइलीत लिहिलेलं असतं (बीयूपी ही तिचीच प्रत). एवढ्यावर भागत नाही. व्हीओबीच्या आतसुद्धा साधारण अर्ध्या ते एका सेकंदाच्या प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नॅव्ह पॅक असतो. पुढे किंवा मागे पळवताना कुठे उडी मारायची ते त्यात असतं. वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली, पण पोस्टमनच्या वहीत घर क्रमांक जुनेच राहिले, तर पत्रं जशी भलत्याच दारात पडतील तसं इथे होतं. तिसरं गाणं सात मिनिटांनी लांबलं की चौथ्या-पाचव्याचे सगळे पत्ते सरकतात. व्हीएलसी सांभाळून घेतं आणि आपल्याला वाटतं जमलं. घरातला जुना प्लेअर मात्र अडकतो किंवा पाचवं दाबल्यावर चौथ्याच्या मध्यात नेऊन सोडतो.

म्हणून हे पत्ते पुन्हा लिहिणारं साधन लागतं. व्हॉबब्लँकर हे विंडोजवरचं छोटं मोफत साधन नेमकं याचसाठी आहे. तयार डिस्कमधला एक भाग रिकामा करणं, कापणं, किंवा तिथे दुसरा भाग बसवणं ही कामं ते करतं आणि आयएफओ व नॅव्ह पॅक नव्याने मांडतं. मेन्यू आणि त्यामागच्या आज्ञा तशाच राहतात. सोबत पीजीसीएडिट घ्या. त्यात डिस्कचा सांगाडा उघडा दिसतो. जुनी साधनं आहेत, पण आजही चालतात.

त्याआधी दोन कामं करा. मूळ डिस्कची इमेजबर्नने आयएसओ प्रत (अख्खी डिस्क एका फाइलीत) काढून ठेवा आणि तिला हात लावू नका, काम फोल्डरच्या दुसऱ्या प्रतीवर करा. आणि पीजीसीएडिटमध्ये उघडून मला सांगा : पाच गायनं म्हणजे पाच वेगळी टायटल (स्वतंत्र व्हिडिओ) आहेत, की एकाच टायटलचे पाच चॅप्टर?


पेशवेपार्क
रविवार, दुपारी १:०५

बाळबोध प्रश्न विचारतो. बदललेलं गाणं त्याच डिस्कवर पुन्हा लिहिता येणार नाही ना?


रिळवाला
रविवार, दुपारी १:२०

नाही. डीव्हीडी-आर एकदाच लिहिली जाते. बदल हार्ड डिस्कवरच्या प्रतीत करायचा आणि नवी डिस्क लिहायची. जुनी डिस्क जपून ठेवायची, ती मूळ नोंद आहे.


चिंचवडकरीण
रविवार, दुपारी ३:४०

रिळवालाकाकांच्या प्रतिसादाला अनुमोदन. प्रत काढण्याबद्दल थोडी भर घालते. इतक्या जुन्या लिहिलेल्या डिस्कचा रंगथर कमजोर झालेला असू शकतो. मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नको. वाचताना चुका आल्या तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरा. आधी सोपे भाग उचलतं आणि मग अडलेल्या सेक्टरांवर पुन्हा पुन्हा जातं. ड्राइव्ह बदलूनही पाहा, एकाला न वाचता आलेला भाग दुसरा कधीकधी वाचतो.

कॅसेटबद्दलही विचारायचं होतं. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या कॅसेटला बुरशी लागते. फितीवर पांढरट ठिपके दिसले तर ती कॅमेऱ्यात घालू नका, हेड खराब होईल आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटवर जाईल. स्वच्छ असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या आणि मग उतरवा. उतरवणार कशी? कॅमेऱ्याचं यूएसबी नको, बहुतेक कॅमेऱ्यांत त्यातून कमी दर्जाचं चित्र येतं. फायरवायर लागेल. तुमच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसणार, कार्ड बसवलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागेल. माझ्याकडे आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.


षड्जपंचम
सोमवार, रात्री ९:१०

किती मनापासून लिहिता हो सगळे! चिंचवडकरीणताईंकडे कॅसेट उतरवून झाली. बुरशी नव्हती. चित्र इतकं स्वच्छ आहे की बाईंच्या मागे बसलेल्या आम्ही सगळ्या ओळखू येतो.

पीजीसीएडिटमध्ये पाच टायटल दिसतात, सगळी एकाच संचात. बाईंच्या टायटलमध्ये दोन चॅप्टर आहेत, विलंबित आणि द्रुत. शेवटी ‘कॉलएसएस’ने सुरू होणारी एक ओळ आहे. सगळी डिस्क मिळून ४.२ जीबी भरली आहे. जुनं तिसरं गायन १४ मिनिटांचं, ६९० एमबीचं आहे. नवीन २१ मिनिटांचं बसेल का?


रिळवाला
सोमवार, रात्री १०:३५

पाच टायटल म्हणजे दुकानदाराने बांधणी चांगली केली होती. ती ‘कॉलएसएस’ची ओळ म्हणजे गाणं संपल्यावर मेन्यूकडे परत जाण्याची आज्ञा. ती तशीच राहील.

जागा पाहू. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. इथे जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स. विंडोज हाच आकडा ४.३७ दाखवतं, तेव्हा घाबरू नका. तुमचे आकडेही विंडोजमधले असतील तर आधी बाइट्समध्ये पाहून घ्या. जुनं गायन काढलं की उरतात साधारण ३.५ जीबी, म्हणजे नव्याला १.२ जीबीपर्यंत मोकळीक. चित्राला सेकंदाला ६ मेगाबिट दिले तर २१ मिनिटांचं गाणं आवाजासकट १ जीबीच्या आसपास होईल. निवांत बसेल. बाकीची चार गाणी दाबून लहान करायची वेळच येत नाही, ही फार चांगली गोष्ट. एकदा दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की ते आणखी उतरतं.

आता नवीन भाग तयार करताना काय पाळायचं ते सांगतो. एका संचातल्या सगळ्या टायटलांचे गुणधर्म आयएफओत एकदाच लिहिलेले असतात. म्हणून नवीन गाणं बाकीच्या चारांच्या घडणीचंच हवं : पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२०×५७६, सेकंदाला २५ चौकटी, बाकीची ४:३ असतील तर तेही ४:३, आवाज एसी३ या प्रकारचा असेल तर एसी३च, दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ. यात एक जरी वेगळं झालं तर काही प्लेअर चित्र ताणून दाखवतात, काही आवाजच देत नाहीत.

चित्र एमपीईजी-२ मध्ये घ्या. एचसीएन्क किंवा एफएफएमपेग, दोन्ही एन्कोडर (चित्र त्या साच्यात बदलणारी साधनं) चांगले. जिथे द्रुत सुरू होतं तिथे आय-फ्रेम (आधीच्या चौकटींवर न विसंबणारी पूर्ण चौकट) येईल अशी सक्ती करा, नाहीतर चॅप्टर अर्धा सेकंद इकडे-तिकडे होतो आणि बंदिशीची समच हुकते. मग चित्र आणि आवाजाच्या वेगळ्या फाइली मक्समॅनमध्ये घालून, द्रुताची वेळ चॅप्टर म्हणून देऊन, एका गाण्याची छोटी डीव्हीडी बनवा. तिच्यातली व्हीओबी व्हॉबब्लँकरला द्यायची. नॅव्ह पॅक नसलेली, कुठल्याही कन्व्हर्टरने काढलेली एमपीईजी देऊ नका.

विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे करून वेगवेगळे बदलायचा मोह होईल. करू नका. दोन तुकड्यांच्या सांध्यावर प्लेअर क्षणभर थबकतो. इतर कार्यक्रमात चालून जाईल, पण तबला चालू असताना तो थबकणं कानाला लागतं. टायटल अख्खं बदला आणि नंतर दुसरा चॅप्टर दुसऱ्या सेलकडेच (टायटलमधल्या दुसऱ्या भागाकडेच) जातोय ना, ते पीजीसीएडिटमध्ये बघा.


चिंचवडकरीण
सोमवार, रात्री ११:२०

काकांनी घडण सांगितली, त्यात एक राहिलं. पाल डीव्हीमध्ये प्रत्येक चौकट इंटरलेस असते, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन फील्डची, आणि त्यातली खालची फील्ड आधी येते. एन्कोडरला तसं सांगितलं नाही आणि त्याने वरची आधी धरली, तर संगणकावर ठीक दिसतं, टीव्हीवर मात्र हलणारी प्रत्येक गोष्ट मागे-पुढे थरथरते. बाई हात करून गात असतील तर तिथे लगेच कळेल. आणि इंटरलेस काढू नका. बाईंचा टीव्ही जुना असेल तर मूळ फील्डमध्येच हालचाल नितळ दिसते.


तबल्याचा_ठेका, कर्वेनगर
मंगळवार, सकाळी ७:५०

धागा वाचून राहवलं नाही. मी ध्वनिमुद्रण करतो. चित्राबद्दल जाणकारांनी लिहिलंच आहे, पण ही डिस्क ऐकण्यासाठी आहे. आवाजाकडे तेवढंच लक्ष द्या.

पहिलं, त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांची मूळ मांडणी १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ अशी असायची. मेन्यूत जाऊन १६ बिट कुणी क्वचितच करायचं. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झ लागतात. म्हणजे आवाज नीट पुनर्नमुनित करावा (त्या दरावर आणावा) लागतो. मूळ फाइल कोणत्या दराची आहे ते आधी तपासा. शिवाय काही कॅमेऱ्यांत आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाशी बांधलेलं नसायचं, लांब मुद्रणात दोन्ही हळूहळू सुटायची. जुन्या डिस्कवर शेवटाकडे ओठ आणि आवाज सुटतात, त्यामागे हे असण्याची शक्यता बरीच आहे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तबल्याची थाप आणि हात एकत्र पडतात का ते पाहा.

दुसरं, सूर. जुन्या डिस्कवरचा तंबोरा आणि नव्या फाइलीतला तंबोरा एकापाठोपाठ ऐका. बाई काळी चारला गात असतील तर षड्ज २०७.६५ हर्ट्झच्या जवळ यायला हवा. थोडा वरखाली असला तर त्या दिवशी तंबोरा तसाच लावला असेल, ते ठीक. दोन्हींत फरक असेल तर मात्र कुठेतरी वेग बदललाय. सात मिनिटांचा आलाप परत मिळवायचा आणि सूर हलवायचा, असं व्हायला नको.

तिसरं, एसी३ करताना १९२ किलोबिटवर थांबू नका, ३८४ घ्या. २१ मिनिटांना फरक पडतो जेमतेम ३० एमबीचा आणि जागा तुमच्याकडे आहे. एन्कोडरमध्ये डायलनॉर्म (प्लेअरला आवाजाची पातळी सांगणारा आकडा) आणि डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन (हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणं) अशा दोन गोष्टी असतात. कॉम्प्रेशन बंद करा, नाहीतर मंद्रातला आलाप आणि तार सप्तकातली तान सारख्याच मोठ्या आवाजात ऐकू येते. डायलनॉर्म बाकीच्या चार गाण्यांइतकाच ठेवा. नाहीतर तिसरं गाणं लागलं की बाईंना रिमोट उचलून आवाज कमी-जास्त करावा लागेल.


एरंडवणेकर
मंगळवार, सकाळी ९:००

माहितीपूर्ण प्रतिसाद. माझं पेन ड्राइव्हचं म्हणणं मी मागे घेतो, पण अर्धंच. डिस्क करा जरूर. पण कॅसेटवरून उतरवलेली डीव्ही फाइल टाकून देऊ नका. तासाला साधारण १३ जीबी म्हणजे आजच्या हार्ड डिस्कवर काहीच नाही. दोन वेगळ्या घरांत दोन प्रती ठेवा. डीव्हीडी कितीही चांगली झाली तरी खरा ठेवा ती मूळ फाइलच आहे.


रिळवाला
मंगळवार, सकाळी ११:१०

एरंडवणेकरांशी पूर्ण सहमत.

आता मेन्यूचं. हे सगळ्यात नाजूक काम आहे, म्हणून शेवटी ठेवलं. मेन्यूचे तीन थर असतात. मागचं चित्र, त्यावर निवड दाखवणारा चार रंगांचा थर, आणि बटणांच्या चौकटी व आज्ञा. त्या चौकटी नॅव्ह पॅकमध्ये असतात. तुमच्या मेन्यूत नावच पिवळं होतं असं लिहिलंय. म्हणजे दुसऱ्या थरात ‘राग भूप’ ही अक्षरं जशीच्या तशी कोरलेली असणार. नुसतं मागचं चित्र बदललं तर पांढऱ्या ‘देशकार’वर पिवळा ‘भूप’ उमटेल. दोन्ही थर बदलायला हवेत. दुसरा थर डीव्हीडीसबएडिटमध्ये उघडतो.

मागचं चित्र स्थिर असेल तर ती एकच आय-फ्रेम असते. नवीन चित्र जुन्या इतक्याच किंवा कमी बाइट्समध्ये बसवून उरलेली जागा पॅडिंगने भरली की मेन्यूतला एकही सेक्टर हलत नाही आणि बटणं तशीच राहतात. हे मी करून देतो. मेन्यूची व्हीओबी फार लहान असते, पाठवून द्या.

अक्षरांबद्दल मात्र तुम्हीच ठरवा. दुकानदाराने बहुधा श्रीलिपीचा एखादा फॉन्ट वापरला असेल, बाकीच्या चार नावांशी जुळणारा तुम्ही शोधा. चित्र ७६८×५७६ मध्ये आखून मग ७२० वर आवळायचं, म्हणजे अक्षरं टीव्हीवर जाड-बुटकी दिसत नाहीत. आणि शिरोरेषा बारीक ठेवू नका. एकाच ओळीची आडवी रेघ इंटरलेस टीव्हीवर सतत लुकलुकते, देवनागरीला हा त्रास फार. निदान तीन ओळींइतकी जाड हवी. अधू नजरेला तर याचा फरक मोठा आहे.


तबल्याचा_ठेका
मंगळवार, दुपारी १२:००

मेन्यूत हात घालावा का, याबद्दल मला शंका आहे. २०१० ची डिस्क ही त्या दिवसाची नोंद आहे, चुकीसकट. नवीन गाण्याच्या सुरुवातीला ‘राग देशकार’ अशी पाटी दिली तर पुरणार नाही का?


षड्जपंचम
मंगळवार, रात्री ८:४५

तुमचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच मूळ आयएसओ आणि मूळ डिस्क जपून ठेवते आहे. पण ही प्रत बाईंसाठी आहे. ज्यांनी आयुष्यभर आम्हाला ‘धैवतावर ये, गंधारावर थांबू नकोस’ असं सांगत देशकार भूपापासून वेगळा ठेवायला शिकवलं, त्यांच्या नावापुढे भूप राहू द्यायचा नाही. मेन्यू बदलायचाच.

सूर तपासला. दोन्ही तंबोरे एकच आहेत. कॅमेरा खरंच ३२ किलोहर्ट्झवर होता.


पेशवेपार्क
बुधवार, सकाळी १०:२०

अशाच पद्धतीने विकत घेतलेल्या चित्रपटाच्या डीव्हीडीतला एखादा भाग बदलता येतो का?


चिंचवडकरीण
बुधवार, सकाळी ११:००

त्या डिस्कवर बहुधा संरक्षण असतं. ते तोडणं हा वेगळा विषय आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी ६५अ हे कलम आहे. हा धागा आपण स्वतः केलेल्या मुद्रणांपुरता ठेवूया. त्यातही कार्यक्रमातल्या साथीदारांना कल्पना देऊन ठेवावी असं मला वाटतं, सात मिनिटांचं त्यांचंही वादन परत येतंय.


षड्जपंचम
शनिवार, सायंकाळी ६:३०

फोल्डर तयार झालं! व्हॉबब्लँकरने सगळे पत्ते नव्याने लिहिले. पीजीसीएडिटमध्ये पाचही टायटल, दोन्ही चॅप्टर आणि परत मेन्यूवर जाण्याची आज्ञा जागच्या जागी आहे. काकांनी मेन्यू करून पाठवला. शिरोरेषा जाड, ‘राग देशकार’ स्वच्छ, आणि निवडलं की तेच पिवळं होतं. साथीदारांनाही फोन केले, दोघांनाही फार आनंद झाला.

टपकीर गल्लीत कोऱ्या डिस्क मिळाल्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेल्यापासून पूर्वीसारखी निवड नाही, असं दुकानदार म्हणाले. आधी पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर करून पाहू का?


रिळवाला
शनिवार, रात्री ८:००

आरडब्ल्यू तुमच्या प्लेअरवर चालली तर उत्तमच. पण नाही चालली तर फोल्डर बिघडलं असं समजू नका. आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परततो, जुने प्लेअर तिला कधीकधी ओळखतच नाहीत. तेव्हा थेट डीव्हीडी-आर घ्या. इमेजबर्नमध्ये वेग ४ किंवा ८ ठेवा, लिहून झाल्यावर पडताळणी चालू ठेवा. वरून कागदी लेबल चिकटवू नका. ते एका बाजूला ओढतं आणि डिस्क फिरताना डगमगते. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या कड्याजवळ लिहा.

मग बाईंच्याच प्लेअरवर, त्यांच्याच रिमोटने तपासा. पाचही गाणी मेन्यूतून एकदा लावा. तिसऱ्यात पुढे पळवून पाहा, मागे पळवून पाहा, पुढच्या चॅप्टरचं बटण दाबा. तिसरं पूर्ण संपू द्या आणि मेन्यू येतो का बघा. आणि मुख्य म्हणजे चौथं आणि पाचवं सुरुवातीपासून लागतं का ते बघा. पत्ते चुकले असतील तर तिथेच कळेल.


षड्जपंचम
सोमवार, दुपारी ४:१५

सगळं तपासलं. पाचही गाणी सुरुवातीपासून लागतात, पळवणं नीट होतं, द्रुत बरोबर समेवर सुरू होतं. तीन डिस्क लिहिल्या आहेत. एक बाईंकडे, एक एरंडवण्यात, एक माझ्याकडे. डीव्ही फाइल आणि जुनी आयएसओ दोन हार्ड डिस्कवर गेली. रिळवालाकाका, चिंचवडकरीणताई, तबल्याचा_ठेका, एरंडवणेकर, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंनी विचारलंय की चहाला कधी येता.


पेशवेपार्क
मंगळवार, सकाळी ९:३०

अभिनंदन! वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे मुंजीची एक डिस्क आहे, टीव्हीला जोडायच्या रेकॉर्डरवर थेट मुद्रित केलेली. संगणक ती रिकामी दाखवतो, पण मागच्या बाजूला लिहिलेला भाग डोळ्यांना दिसतो. ती गेली का?


रिळवाला
मंगळवार, सकाळी १०:१०

गेली असेलच असं नाही. बहुधा ती फायनलाइज केलेली नाही, म्हणजे मुद्रण आहे पण डिस्कची अनुक्रमणिका लिहायची राहिली. तो रेकॉर्डर अजून चालत असेल तर त्याच्यातच घालून मेन्यूतून फायनलाइज करा. रेकॉर्डर नसेल तर आयसोबस्टर अशा डिस्कमधलं चित्र शोधून बाहेर काढतं. डिस्कवर नवीन काही लिहायचा प्रयत्न तोवर करू नका. आणि ती आरडब्ल्यू असेल तर विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारेल, तिथे नाहीच म्हणायचं.